पाखरांच्या हेडीबाई

सकाळच्या गाडीनं लोणावळ्याहून आलेला स्टेशनवरचा हमाल आमच्या कामशेतच्या घराच्या पायरीशी उभा राहिला, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. पारूबाईंनी निरोप दिलाय, म्हणाला, बाईसाहेब गेल्या, डॉक्टरांना घेऊन या. मी त्याला पहिल्यांदा विचारलं ते हे, की त्या कुठे होत्या? तो म्हणाला, घरीच, व्हरांड्यात, आपल्या खुर्चीत. डोळ्यांना पाणी नंतर आलं. आधी आलं ते हायसं वाटणं. माणूस गेल्याचं कळल्यावर असं वाटावं, हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल. पण गेलं महायुद्ध सुरू झाल्यापासून त्या व्हरांड्यातून त्यांना कुणी उठवून नेईल या धास्तीत आम्ही दिवस काढले होते. ती धास्ती त्या दिवशी संपली.

आम्ही दुपारच्या आत पोचलो. हेडीबाई खुर्चीतच होत्या, मांडीवर शाल, शेजारच्या तिपाईवर कॉफीचा रिकामा पेला. माझ्या यजमानांनी नाडी बघितली, त्यांचे डोळे मिटवले आणि हलकेच म्हणाले, काही कळलंही नसेल त्यांना. पारूबाई दाराला टेकून उभ्या होत्या. पंचवीस-सव्वीस वर्षं त्या दोघी त्या घरात एकत्र राहिल्या. पारूबाई रडत नव्हत्या. नुसतं एवढंच म्हणाल्या, "पाखरू बघत्यात असं वाटलं, म्हनून मी हाक न्हाई मारली." त्या घरात तो नियमच होता. हेडीबाई बाहेर बघत असल्या की कुणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. पारूबाई कितीतरी वेळ आतल्या आतच अनवाणी वावरल्या होत्या, त्यांना व्यत्यय नको म्हणून.

लोणावळ्यात त्यांना सगळे 'जर्मन बाई' म्हणत. त्या जर्मन नव्हत्या, स्विस होत्या; पण बोलायच्या जर्मन, त्यामुळे तो फरक बाजारात कुणाच्या लक्षात राहणार? पहिल्या महायुद्धाच्या आधी घाटावर धरणं बांधून खाली खोपोलीला वीज काढायचं काम सुरू झालं, तेव्हा पाण्यावर फिरणारी मोठाली चक्रं बसवायला त्यांचे यजमान एमिलसाहेब आले. खोपोलीचा उकाडा सोसेना म्हणून बिऱ्हाड लोणावळ्याला केलं. साहेब सकाळी घाट उतरायचे, संध्याकाळी चढून यायचे. बाई दिवसभर एकट्या. पहिल्या पावसाळ्याची गोष्ट त्या नेहमी सांगत. महिनाभर धुक्यात समोरचं फाटकसुद्धा दिसलं नाही, कपाटातल्या बुटांवर हिरवी बुरशी वाढली, उशी पिळली तर पाणी निघेल असं वाटायचं. एक दिवस त्यांनी साहेबांना सांगितलं की मला इथून ने. साहेबांनी बाजारातून वेताची मोठी टोपली आणि खाली ठेवायची शेगडी आणली, ओले कपडे टोपलीवर कसे वाळवायचे ते दाखवलं. एवढंच केलं. बाई म्हणायच्या, त्या दिवशी त्यांनी माझी समजूत घातली असती तर मी गेले असते.

मी त्यांना प्रथम पाहिलं ते पहिलं युद्ध संपत असताना आलेल्या मानमोडीच्या तापाच्या साथीत. माझं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. आमचे डॉक्टर तेव्हा लोणावळ्यातच होते आणि पहाटेपासून घरोघर फिरत होते. एमिलसाहेब आजारी पडले आणि आठवड्याच्या आत गेले. डॉक्टर घरी येऊन म्हणाले, त्या बाईंच्या पोटात दोन दिवसांत अन्न गेलेलं नाही, तू जाऊन बघ. मी भाताची पेज करून नेली. मला इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी पेज बघितली, मला बघितलं आणि बाजूला सरकून बाकावर जागा केली. आम्ही दोघी काहीही न बोलता बसून राहिलो... आमच्या मैत्रीची सुरुवात अशी झाली, आणि पुढेही आमचा बराचसा सहवास असाच न बोलता गेला.

कंपनीनं त्यांचं परत जायचं भाडं भरलं होतं. युद्ध संपल्यामुळे बोटींना गर्दी होती, म्हणून जागा मिळाली ती थेट उन्हाळ्यात. सामान बांधून झालं. आणि नेमकं त्याच आठवड्यात व्हरांड्यात गुंडाळून वर बांधलेल्या बांबूच्या चिकाच्या पडद्यावर बुलबुलानं घरटं केलं. उन्हाची वेळ, पण चिक खाली सोडता येईना. बाई त्या तळपत्या व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसून राहत. एमिलसाहेबांचा लाकडी कॅमेरा पेटीत होता. कामावरच्या नळांचे आणि यंत्रांचे फोटो काढायला त्यांनी तो आणला होता. पेटीत काही कोऱ्या काचा उरल्या होत्या. त्या वेळी फिल्मऐवजी काचेवर फोटो घेत. बाईंनी स्टुलावर चढून बुलबुलाचे फोटो काढले. सगळे बिघडले, एकात फक्त शेपूट आलं. पण पिल्लं उडून जाईपर्यंत जायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि बोट गेली. पुढची बोट मिळाली असती. त्यांनी ती मागितलीच नाही. कंपनीतल्या लोकांना वाटलं, दुःखानं त्यांचं डोकं फिरलं. आमच्या डॉक्टरांनाही थोडं तसंच वाटलं होतं. मी मात्र त्यांच्याबरोबर त्या घरट्याखाली बसले होते, त्यामुळे मला तसं वाटलं नाही.

पारूबाई त्यानंतर थोड्याच दिवसांनी आल्या. कार्ल्याकडच्या, साथीत नवरा गमावलेल्या. घरकामाला म्हणून आल्या आणि राहूनच गेल्या. हेडीबाई मराठी शिकल्या त्या पारूबाईंकडून, त्यामुळे ती चोख मावळी. पुण्याहून कुणी सुशिक्षित पाहुणे आले आणि ही उंच, गोरी, निळ्या डोळ्यांची बाई "या, हितं बसा, लय ऊन झालं" म्हणाली, की ते आधी मागे वळून दुसरं कुणी बोललं का ते बघत. मी एकदा त्यांना 'इथे' आणि 'नाही' शिकवायला गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, दोन दिवस तसं बोलल्या आणि मग म्हणाल्या की असं बोललं की पारू हसते. झालं, माझी शिकवणी संपली.

त्या घराचा संसार मोठा मजेचा होता. परसात छपराखाली मातीची भट्टी घातलेली, तिच्यात बाई पाव भाजायच्या. त्याच भट्टीच्या विस्तवावर पारूबाई भाकरी टाकायच्या. म्हशीच्या दुधाचं चीज फडक्यात बांधून न्हाणीघरात टांगलेलं असे आणि त्याच न्हाणीघरात, दाराच्या फटींना घोंगडी लावून, लाल कंदिलाच्या उजेडात काचा धुतल्या जात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते काम महाकठीण. पाणी जरा कोमट झालं की काचेवरचा लेप सुटून चित्र सायीसारखं गोळा व्हायचं. त्यासाठी स्वयंपाकघरात दोन माठ होते, एक पिण्याचा आणि एक पाखरांचा. मी एकदा चुकून दुसऱ्या माठातलं पाणी प्यायले, तेव्हा पारूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाचा नैवेद्यच उष्टावला होता. पावसाळ्यात काचांना बुरशी धरे, कॅमेऱ्याच्या कातड्याच्या भात्याला भोकं पडत. बाई भात्याला गोंद आणि कापडाची ठिगळं लावत. तो भाता शेवटी शेवटी गोधडीसारखा दिसायचा.

वर्षं गेली. माझी मुलं त्या व्हरांड्यात रांगली, आमचा दवाखाना कामशेतला गेला, तरी महिन्यातून एकदा तरी मी गाडीनं जात असे. बाईंच्या डोक्यात तेव्हा एकच पक्षी होता, धनेश. कार्ल्याच्या शिवारात, पारूबाईंच्या भावाच्या बांधावर एक जुना आंबा आहे. त्याच्या ढोलीत दर उन्हाळ्याला धनेशाची मादी शिरायची. हा पक्षी ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मादी ढोलीत बसली की त्या ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत ती अंडी घालते, पिसं गाळते, पिल्लं वाढवते. नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. बाईंना लिंपण्यापासून फोडण्यापर्यंतचे सगळे फोटो हवे होते. दर वर्षी काहीतरी राहायचं. वादळानं आडोसा उडायचा, काचा बिघडायच्या, कधी नेमका नर पाठमोरा. आंब्यासमोर गोणपाटाचा आडोसा बांधून त्या सकाळपासून आत बसत. पारूबाईंचा भाऊ जाता-येता त्यांना आडोशाबाहेरून ताक देऊन जाई.

आणि मग दुसरं महायुद्ध आलं. पहिले काही महिने काही झालं नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात फ्रान्स पडतंय अशा बातम्या यायला लागल्या आणि इथल्या जर्मन लोकांची धरपकड वाढली. पुरंदरच्या किल्ल्यावर त्यांना कुटुंबांसकट ठेवतात असं कानावर आलं. बाजारात कुणीतरी म्हणालं, आपल्याकडेपण एक आहे की, धरणाशी आणि रेल्वेच्या बोगद्यांशी कॅमेरा घेऊन हिंडते. बाईंचा पासपोर्ट केव्हाच मुदत संपून गेलेला. आपण स्विस आहोत हे त्या सांगणार कशाच्या जोरावर? एक दिवस पोलीस आले, कॅमेरा आणि काचांच्या पेट्या घेऊन गेले. बाईंनी त्यांना एवढंच सांगितलं की पेट्या आडव्या ठेवू नका, फुटतील.

मी त्याच दिवशी लोणावळ्याला गेले. बाई धनेशाची काळजी करत होत्या, पारूबाई पुरंदरची. पारूबाईंनी ट्रंक भरायला घेतली होती. गडावर थंडी असते म्हणून त्यात घोंगड्या घातल्या, आणि मग स्वतःचीही दोन लुगडी घातली. मी विचारलं तर म्हणाल्या, "बाईसायबांस्नी भाकरी कोन दील तितं?" सरकार तुम्हांला जाऊ देणार नाही हे मला सांगवलं नाही.

पुण्याहून एक फौजदार लोणावळ्याच्या ठाण्यावर चौकशीला आले. मध्यम वयाचे, शांत, थोडे थकलेले गृहस्थ. आमच्या डॉक्टरांना बोलावलं होतं, त्यांच्याबरोबर मीही गेले. डॉक्टरांना आदल्या दिवशी दोघा-तिघांनी बजावलं होतं की तुम्ही यात पडू नका, दवाखान्यावर येईल. त्यांनी फौजदारांना सांगितलं, ह्या बाईंच्या नवऱ्याच्या मृत्यूला मी हजर होतो, तेव्हापासून ओळखतो, काय लिहून द्यायचं ते देतो. फौजदारांनी काचा एकेक करून खिडकीशी धरल्या. बहुतेक सगळी पाखरं. पण एका काचेत खंड्याच्या मागे धरणाची भिंत स्वच्छ दिसत होती. दुसरीत कड्यावरच्या घरट्याच्या कोपऱ्यात रेल्वेचा पूल. फौजदारांनी त्या दोन काचा वेगळ्या ठेवल्या. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, कार्ल्याला तुम्ही गोणपाटात लपून बसता, तिथून रेल्वेलाइन दिसते, हे खरं का? बाई मराठीत म्हणाल्या, "लाइन मागं हाय, भाऊ. मी म्होरं बघती." फौजदारांनी टेबलावरची टोपी उचलली. मग म्हणाले, मला ती जागा दाखवा.

आम्ही टांग्यानं कार्ल्याला गेलो. जाताना बाई सारख्या आभाळाकडे बघत होत्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. पावसाचे ढग जमायला लागले होते. पिल्लं या दिवसांत केव्हाही बाहेर पडतात. आठवडाभर त्यांना तिकडे फिरकू दिलं नव्हतं. ढोल रिकामी झाली असली तर? तर एक विदेशी बाई रेल्वेलाइनजवळ लपायची जागा करून बसते, एवढंच उरणार होतं. आंबा दिसला तेव्हा त्या थांबल्या आणि ढोलीकडे बघत राहिल्या. लांबून काही दिसत नव्हतं. फौजदारांनी टोपी काढली, वाकून आडोशात शिरले, मागोमाग बाई. मी, डॉक्टर आणि हवालदार बऱ्याच लांब एका बांधावर बसलो.

नर येईना. ऊन चढलं. गोणपाट हलायचं थांबलं होतं. हवालदार पेंगायला लागला. मला वाटलं, आता फौजदार कंटाळून बाहेर येतील, मग सगळं संपलं. तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं तो आला... राखाडी, लांब शेपटीचा, पंख मारत आणि मग तरंगत. आंब्यावर बसला, इकडेतिकडे पाहिलं आणि उडून गेला. टांग्याचं घोडं फुरफुरलं होतं म्हणून गेला असेल. डॉक्टरांनी माझ्या हातावर हात ठेवला. चारचौघांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. काही वेळानं नर पुन्हा आला. या वेळी तो ढोलीपाशी जाऊन खोडाला बिलगला. फटीतून चोचेचं टोक बाहेर आलं. त्यानं मान हलवून घशातून एक फळ काढलं आणि त्या चोचेत ठेवलं, मग दुसरं, मग आणखी एक... तो गेला, परत आला, पुन्हा भरवू लागला. गोणपाटातून कुणीच बाहेर आलं नाही. सावल्या आखूड झाल्या तरी नाही.

शेवटी फौजदार बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत गोणपाटाच्या दशा अडकल्या होत्या. त्यांनी कपडे झटकले आणि पहिल्यांदाच मराठीत विचारलं, "तिला आत कोंडतं कोण? नर?"

"न्हाई भाऊ," हेडीबाई म्हणाल्या. "तिचं तीच दार लिंपती. आतनं."

"आणि बाहेर यायचं झालं म्हणजे?"

"मंग तीच फोडती."

फौजदारांनी टोपी घातली. परतताना टांग्यात त्यांनी, जरा चाचरतच, विचारलं की लढाई संपल्यावर तुम्हांला मायदेशी जायचं असेल ना? बाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "माजं मानूस हितं हाय. पारू हितं हाय. मी कुटं जाऊ?" त्या स्वरात ना तक्रार होती ना विनवणी. बाजाराला जाऊन येते म्हणावं तसं त्या बोलल्या.

त्यानंतर हुकूम यायला पावसाळा अर्धा सरला.  शेवटी कळलं की मुंबईच्या स्विस वकिलातीनं ओळख पटवली आहे, बाईंना घरी राहायला हरकत नाही. मात्र लोणावळं सोडायचं नाही, आठवड्याला ठाण्यावर हजेरी लावायची, काचांच्या पेट्या परत मिळतील, पण कॅमेरा लढाई संपेपर्यंत सरकारजमा. डॉक्टर हुकूम वाचून दाखवत होते, तो पुरता वाचून व्हायच्या आत पारूबाईंनी ट्रंक उघडून घोंगड्या बाहेर काढल्या होत्या. बाईंनी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. त्या दिवशी भट्टी पेटवली आणि आम्हांला गरम पाव आणि करवंदांचा मुरंबा खायला घातला. बाहेर मुसळधार पाऊस. आम्ही सगळे उगीचच हसत होतो.

फौजदारांनी काय लिहिलं ते आम्हांला कधीच कळलं नाही. कार्ल्याला जायची बंदी असल्यामुळे पुढची वर्षं पारूबाईंचा भाऊ बाजारच्या दिवशी येऊन धनेशाची खबर देऊन जाई. लढाई संपल्यावर कॅमेरा परत आला. भिंगाच्या आत बुरशीचं पांढरं जाळं पसरलं होतं, पलीकडचं काही दिसेना. बाईंच्या डाव्या डोळ्यात तोवर मोतीबिंदू पिकला होता. त्यांनी भिंग उजेडाकडे धरलं आणि म्हणाल्या, "दोगांस्नी एकदमच झालं." मला गलबलून आलं होतं, पण त्या खरोखरच हसत होत्या. कॅमेरा गेला आणि आपण राहिलो, ह्यात त्यांना काही तोट्याचं वाटत नव्हतं.

मग साहेब लोक जाणार अशा गोष्टी सुरू झाल्या. घाटावरचे बंगले रिकामे व्हायला लागले. बाईंनी एकदा डॉक्टरांना विचारलं, तुमचं राज्य आलं म्हणजे मला काढून देतील का? डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारखं मावळी बोलणारं माणूस काढून द्यायचं तर आधी आम्हांला जावं लागेल. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. पण परत कधी विचारलं नाही, आणि आता विचारायची वेळही येणार नाही. एमिलसाहेबांच्या शेजारी जागा होती, तिथेच त्यांना ठेवलं. खंडाळ्याहून पाद्री आले. पारूबाईंच्या भावानं माती लोटली.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेले होते. बंगल्याच्या मालकांनी पारूबाईंना राखणीसाठी तिथेच राहायला सांगितलंय. व्हरांड्यात मी बसले नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले. चुलीमागच्या छोट्या खिडकीत मला पूर्वी कधी न दिसलेलं काही दिसलं. लढाईच्या दिवसांत काच मिळेना, तेव्हा बाईंनी बिघडलेल्या फोटोंच्या काचा सोड्यानं धुऊन त्या खिडकीला बसवल्या होत्या, हे पारूबाईंनी आता सांगितलं. सगळ्या स्वच्छ झाल्या, एक मात्र बाईंनी धुतली नाही, लेपाची बाजू आत करून तशीच बसवली. खालच्या कोपऱ्यातल्या त्या चौकटीत आंब्याचं खोड होतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेलं, आणि खोडाला बिलगलेला पाठमोरा धनेश. चहाचं आधण उकळत होतं. पारूबाई ओलं फडकं घेऊन बाहेरच्या अंगणात गेल्या आणि खिडकीची प्रत्येक काच तिकडून पुसू लागल्या. मी आतलं फडकं उचलून आतून पुसायला गेले, तर त्यांनी काचेपलीकडून मान हलवली.

"आतनं न्हाई पुसायची," त्या म्हणाल्या. "पाखरू जातं."